डावा खांदा

२०२१ च्या दिवाळीआधी मी आमच्या गल्लीतल्या शिवणकामाच्या काकूंशी भांडले. कारण एक ब्लाऊज. दरवेळी देते तोच मापाचा ब्लाऊज दिला होता, कापडही नेहमीचंच, तरी घालून बघितला तर डावीकडचा गळा खांद्यावरून खाली घसरायचा. उजवी बाजू चोख, डावी लोंबकळलेली. काकू ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. "मापाचा ब्लाऊज तुम्हीच दिलासा, त्याच्यावर टाकून कापलंय. सूतभर इकडं-तिकडं नाही," म्हणाल्या, आणि दोन्ही ब्लाऊज एकमेकांवर पसरून दाखवले. खरंच सूतभरही फरक नव्हता.

मग त्यांनी मला आरशासमोर उभं केलं. गळ्यातली टेप काढली, मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत उजवीकडे धरली, डावीकडे धरली. मागे गेल्या, पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. "बाई, डावा खांदा उतरलाय की वो तुमचा. आणि पाठीवरचा खवाटा बगा कसा बाहेर आलाय. पडला-बिडला होतासा का कुठं?"

मी पडले नव्हते. आरशात नीट बघितलं तेव्हा दिसलं. मानेपासून खांद्याकडे जाणारी जी भरलेली उतरण असते, ती उजवीकडे होती आणि डावीकडे नुसती खोबण. रोज सकाळी घरच्या आरशात कुंकू लावून शाळेत जाणारी बाई मी, आणि हे मला काकूंनी सांगावं!

सगळी सुरुवात खरं तर पाण्यापासून झाली होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये पाणी पिताना ठसका लागायला लागला. एखादवेळी सगळ्यांनाच लागतो. मला दिवसातून चार-पाच वेळा. भाकरी, उसळ, घट्ट वरण बिनतक्रार जायचं. पाणी आणि ताक मात्र नेमकं भलतीकडे वळायचं. सासूबाई टाळूवर थापट्या मारून "वर बघ, वर बघ" म्हणायच्या. मी वर बघायची आणि ठसका दुप्पट व्हायचा. एकदा जेवताना ताक चक्क नाकातून आलं. पोरं हसली, मीही हसले.

दिवस करोनाचे होते. खोकणाऱ्या माणसाकडे तेव्हा लोक कसे बघायचे ते सांगायला नको. मी दोनदा नाकात काडी घालून घेतली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. आमच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आम्लपित्त घशाशी येतं, त्यानं खोकला होतो, हे त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. माझ्या बाबतीत ते कारण नव्हतं एवढंच.

वर्ग तेव्हा मोबाईलवर चालायचे. मोबाईलच्या माईकने माझं बरंच काही झाकून ठेवलं. ४ ऑक्टोबरला शाळा प्रत्यक्ष सुरू झाल्या आणि मी नववीच्या वर्गात उभी राहून हजेरी घ्यायला लागले, तर मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, आवाज येत नाही." मी ओढून बोलले. आवाज वाढला नाही, फक्त वारा वाढला. फुटक्या बासरीत फुंकल्यावर येतो तसा. तिसऱ्या तासानंतर तर नुसती कुजबुज उरायची. स्टाफरूममध्ये निदान ठरलेलंच होतं: दीड वर्ष घसा बंद होता, आता एकदम ताण आलाय, मास्तरांचा घसा, ज्येष्ठमध चघळा. मी पावशेर ज्येष्ठमध संपवलं असेल.

आणि खांदा? तो आधीपासून दुखतच होता. डाव्या खांद्यावरून पदर घसरायचा. मी जाड सेफ्टी पिन लावायला लागले, पर्स उजवीकडे घ्यायला लागले, आणि सासूबाईंच्या "पदर सांभाळ जरा" ह्या वाक्यावर मनातल्या मनात चिडायला लागले. हाडांच्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मानेचा एक्स-रे काढला, मणक्यात किंचित गॅप आहे म्हणाले, फ्रोझन शोल्डर म्हणाले, कप्पीला दोरी बांधून हात वर ओढायचा व्यायाम दिला. मी दाराच्या चौकटीला कप्पी ठोकून महिनाभर ओढत बसले.

म्हणजे पाण्याला पित्त, आवाजाला शाळा आणि खांद्याला वय. प्रत्येक दुखण्याला घरचं असं एकेक कारण होतं आणि तिन्ही कारणं पटण्यासारखी होती. तीन वेगळ्या ठिकाणी तीन वेगळ्या फायली फिरत होत्या. त्या एका टेबलावर आल्या त्या काकूंच्या टेपमुळे. कारण "उतरलाय" हा शब्द ऐकल्यावर मी पहिल्यांदा घाबरले. दुखणं चालतं. आकार बदललेला चालत नाही.

दिवाळी झाल्यावर मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. एसटीचा संप चालू होता, त्यामुळे तासगावहून सांगली आणि सांगलीहून मिरज असं वडापनं, मांडीवर दुसऱ्याची पिशवी घेऊन. तिथं आवाजाबद्दलच सांगायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि बोटभरही जाड नसलेली वाकणारी नळी नाकातून घशात सोडली. समोरच्या पडद्यावर माझा घसा दिसायला लागला. गुलाबी, ओला, जरा किळसवाणा. मधोमध दोन पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे स्वरतंतू.

"ईऽऽ म्हणा."

मी ईऽऽ म्हणाले. उजवी पट्टी लगबगीनं मधे आली. डावी जिथं होती तिथंच थांबली. दोन फळ्यांच्या दाराची एक फळी बिजागरीत अडकलेली असावी आणि दुसरीनं येऊन तिला भेटायचा प्रयत्न करावा, तसं. मधल्या फटीतून वारा निसटत होता. तोच माझा नववीचा वर्ग. आणि त्याच फटीतून पाणी श्वासनळीत उतरत होतं.

डॉक्टर थोडे गंभीर झाले. एरवी मी आवाजापुरतंच बोलून उठले असते, पण त्यांनी विचारलं, "आणखी काही? कितीही बिनसंबंधाचं वाटलं तरी सांगा." मी ओशाळत ब्लाऊजची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. मला तोंड उघडून आऽऽ म्हणायला लावलं, बॅटरी मारली. नंतर आरसा देऊन मलाही दाखवलं: पडजीभ मधे न राहता उजवीकडे ओढली जात होती, कारण डावीकडून तिला ओढणारं कुणी उरलं नव्हतं. मग खांदे उडवायला सांगितले आणि वरून दाबून धरले. उजवा त्यांच्या हाताला उचलून वर गेला. डावा जागचा हलला नाही. त्यांनी माझा डावा हात स्वतः धरून वर उचलला, तर तो सहज कानाला लागला. "फ्रोझन शोल्डर असता तर मलाही उचलता आला नसता," म्हणाले. "तुमचा सांधा ठीक आहे. उचलणारा स्नायू ऐकत नाही."

मग त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढलं. ती चिठ्ठी मी अजून ठेवलीय. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात आणि त्यांना नुसते नंबर असतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. दहावी नस स्वरयंत्राला जाते, पण सरळ जात नाही. डाव्या बाजूला ती मानेतून छातीत उतरते, तिची फांदी हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि पुन्हा वर चढून घशात येते. तासगावहून सांगलीला जायला आधी कऱ्हाड गाठायचं म्हणा ना. द्राविडी प्राणायाम शरीरातही असतो तर! म्हणून डावी पट्टी बंद पडली की डॉक्टर आधी छाती बघतात. तिथं फुफ्फुसाची किंवा अन्ननलिकेची गाठ त्या वळशावर दाबत असू शकते.

"पण छातीतल्या गाठीनं पडजीभ वाकडी होत नाही," ते म्हणाले. टाळूला जाणारी फांदी फार वर, मानेच्या सुरुवातीलाच सुटते. आणि खांदा तर अकराव्या नसेचा. नववी नस घशाच्या मागच्या भिंतीची जाणीव देते. कापसाची काडी डावीकडे लावल्यावर मला उबळच आली नव्हती. नववी, दहावी, अकरावी. ह्या तिघी एकत्र अशा एकाच ठिकाणी असतात. कवटीच्या तळाला, कानाच्या मागे खोल, एक वेडंवाकडं भोक आहे. मेंदूचं रक्त खाली नेणारी मोठी शीर तिथून बाहेर पडते आणि तिच्याच सोबत ह्या तीन नसा. त्यांनी चित्रातल्या भोकावर पेनानं दोन-तीनदा गोल केला. कागद जरा फाटला तिथं.

एमआरआयला मंगळसूत्र, बांगड्या, हेअरपिन सगळं उतरवलं. जोडवी निघेनात. लग्नाला वीस वर्षं झालेली, बोटं जोडव्यांभोवती वाढलेली. नर्सनं साबण लावून, मी दात-ओठ खाऊन, शेवटी निघाली. आत गेल्यावर पत्र्याच्या शेडवर हातोडे पडावेत तसा आवाज, आणि माझी एकच भीती: थुंकी गिळताना ठसका लागला तर? हलायचं नाही म्हणून बजावलेलं. मी चाळीस मिनिटं गिळण्याचा विचार न करण्याचा विचार करत पडले होते.

रिपोर्टमध्ये २.८ सेंटिमीटरची गाठ होती, डंबेलच्या आकाराची. अर्धी कवटीच्या आत, अर्धी बाहेर, मधे भोकात आवळलेली. सीटीमध्ये ते भोक रुंदावलेलं दिसत होतं, पण कडा गुळगुळीत. हाड कुरतडलेलं नव्हतं, हळूहळू सारून बाजूला केलं होतं. कित्येक वर्षं ती तिथं वाढत असावी. सोबत नाव होतं: श्वानोमा. मी मराठीची शिक्षिका, मला आधी कुत्राच आठवला. नंतर कळलं, थिओडोर श्वान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून नसांवरच्या आवरणाच्या पेशींना नाव मिळालं आणि त्या पेशींच्या गाठीला हे. कॅन्सर नव्हे. सगळे म्हणाले, साधी गाठ आहे. मी तो "साधी" शब्द घेऊन रात्री बसले तर झोप लागेना. मेंदू आणि मानेच्या मधोमध बसलेली ती गाठ, आणि साधी म्हणे.

अशा गाठी आठव्या, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोल सांभाळणाऱ्या नसेवरच बहुतेक होतात. कवटीतल्या श्वानोमांपैकी ह्या खालच्या भोकातल्या शंभरात तीन-चार. त्यातही पुष्कळजण कानानं ऐकू कमी येतं म्हणून येतात, कारण गाठ आत वाढून शेजारच्या आठव्या नसेवर दाबते. माझे कान ठणठणीत. मागच्या बाकावरची चिठ्ठीची देवाणघेवाण मला आजही ऐकू येते.

जानेवारी २०२२ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. मी आणि हे. करोनाची तिसरी लाट, डोंबिवलीला नणंदेकडे मुक्काम, तिच्या घरी आम्हाला ठसक्यामुळे वेगळ्या खोलीत ठेवावं की काय असा अवघडलेला पहिला दिवस. मोठ्या रुग्णालयातला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग, बाहेर लांबलचक बाकं. त्या बाकांवर मी जे शिकले ते कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं.

माझ्या शेजारी सोलापूरकडचा एक ट्रक ड्रायव्हर होता. डाव्या डोळ्यावर पट्टी. "ताई, मला रस्त्यावरची पांढरी पट्टी दोन दिसायची. तेही डावीकडं बघितलं की. सरळ बघितलं की एकच." त्यानं वर्षात दोनदा चष्मा बदलला होता. त्याची गाठ कवटीच्या तळाच्या मधल्या हाडातच होती आणि डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस त्या हाडाला अगदी खेटून बराच लांबचा प्रवास करते. पलीकडे रत्नागिरीची एक बाई होती, माझ्यापेक्षा लहान. दात घासताना, तोंडावर वारा लागला तरी, गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची. दाताच्या म्हणून तीन दाढा काढून झाल्या. कळ तिथंच. चौथीच्या वेळी दंतवैद्यानं हात आखडता घेतला आणि स्कॅन करायला सांगितलं. पाचव्या नसेशी एक पांढरी, मोत्यासारखी चमकणारी गाठ निघाली. आत कातडीचाच साठा असतो म्हणे, जन्माच्या आधीपासून चुकून आत राहून गेलेला. ती मला म्हणाली, "तुमचं निदान शिंपिणीनं केलं? माझं दाताच्या डॉक्टरनं. डोकं मात्र कुणाचंच दुखलं नाही."

खरंच होतं ते. बाकावर बसलेल्या आम्हा तिघांपैकी एकाचंही डोकं दुखत नव्हतं. मेंदूची गाठ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोकेदुखी, उलट्या, फिट असं काहीतरी येतं. आम्ही आलो होतो पांढऱ्या पट्टीवरून, टूथब्रशवरून आणि ब्लाऊजवरून.

तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, "कानात नाडीसारखे ठोके ऐकू येतात का? अचानक घाम, धडधड, बीपी वाढणं?" त्याच भोकात रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली दुसऱ्या जातीची गाठही होते, ग्लोमस म्हणतात तिला. ती हाड कुरतडते, कानात ठोके देते, आणि क्वचित बीपी वाढवणारी रसायनंही सोडते. तिला न ओळखता हात लावला तर रक्तस्रावाची पंचाईत. माझ्याकडे ठोके नव्हते, तरी खात्रीसाठी चोवीस तासांची लघवी गोळा करायला लावली. पाच लिटरचा पांढरा कॅन घेऊन मी नणंदेच्या घरी लोकलमधून गेले. लेडीज डब्यात एकीनं विचारलं, "दूध का?" मी मान हलवली.

तपासणी स्वच्छ निघाली. मग आम्ही दोघं समोर बसलो आणि मी विचारलं, जे पुढे प्रत्येक नातेवाइकानं मला विचारलं: काढून का टाकत नाही?

डॉक्टरांनी घाई केली नाही. गाठ नसेवर चिकटलेली नसते, नसेतूनच उगवलेली असते, म्हणाले. तिला सोडवताना उरलीसुरली नस जाण्याचा धोका असतो. तुमची डावी बाजू इतकी हळूहळू गेलीय की उजव्या बाजूनं काम उचलायला वेळ मिळाला. तुम्ही जेवता, चालता, वर्ग घेता. तेच एका दिवसात, टेबलावर गेलं, तर माणसाला कधीकधी नाकातल्या नळीनं जेवण द्यावं लागतं. गाठ मेंदूच्या देठाला दाबत असती तर ते ऑपरेशनच म्हणाले असते. तशी ती नव्हती, तीन सेंटिमीटरच्या आत होती. म्हणून दोन रस्ते: नुसतं लक्ष ठेवणं, किंवा गॅमा नाईफ. आवाज गेल्या सहा महिन्यांत ढासळलाय, म्हणजे ती गप्प बसलेली नाही, तेव्हा आपण किरण देऊ. आणि एक स्पष्ट सांगतो, किरणांनी गाठ थांबते. गेलेली नस परत येईल असं धरून चालू नका.

हे शेवटचं वाक्य त्यांनी आधीच सांगितलं ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हे बाहेर येऊन चहाच्या टपरीवर बराच वेळ गप्प उभे होते.

गॅमा नाईफमध्ये सुरी नसते. स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल नावाच्या सर्जनची ही कल्पना. पहिलं यंत्र १९६८ साली स्टॉकहोमला चाललं. आताच्या यंत्रात कोबाल्टचे १९२ बारीक स्रोत असतात. प्रत्येक किरण एकटा इतका दुबळा की वाटेतल्या मेंदूला काही होत नाही, पण सगळे एकाच टिंबावर भेटतात तिथं गाठ भाजून निघते. हे ऐकायला छान आहे. मार्चमधल्या त्या सकाळी मला आठवते ती चौकट. डोकं इंचभरही हलू नये म्हणून धातूची चौकट चार स्क्रूंनी कवटीला घट्ट करतात. कपाळावर दोन, मागे दोन. बधिर करायच्या सुया झोंबल्या. नंतर दुखलं नाही, पण डोक्यावर कुणीतरी दोन्ही हातांनी दाबून धरल्यासारखं वाटत राहिलं. ह्यांना आत बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "यात्रेतली पालखी दिसतीयस," आणि मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले.

चौकटीसकट एमआरआय, मग दोन-तीन तास वाट. पलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरवर मिलिमीटर मोजत होते. प्रत्यक्ष यंत्रात पन्नासेक मिनिटं. आवाज नाही, उष्णता नाही, काहीच नाही. इतकं काहीच नाही की फसवणूक झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी घरी. कपाळावर दोन बाजूंना दोन बारीक खुणा राहिल्या. मधे माझं कुंकू. सासूबाईंनी बघून दृष्ट काढली.

सहा महिन्यांनी एमआरआय केला तर गाठ २.८ ची ३ सेंटिमीटर झालेली. मी रिपोर्ट घेऊन रिक्षात बसले आणि घराचा पत्ता सांगायला आवाज फुटेना. तसाही फुटत नव्हता, पण हे वेगळं होतं. डॉक्टरांनी फोनवर फोटो बघून सांगितलं की गाठीचा मधला भाग काळा पडलाय, म्हणजे आतून मरतेय, पहिल्या वर्षात अशी सुजते. हे त्यांनी जानेवारीत सांगितलं होतं. मी विसरले होते. पुढच्या एमआरआयमध्ये २.७, त्याच्या पुढच्यात २.५.

दरम्यान गिळायला शिकायचं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी. स्पीच थेरपिस्ट मुलगी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं पाण्याचा पेला हातात देऊन सांगितलं, "मॅडम, हनुवटी छातीला लावा, मान डावीकडे वळवा, आणि गिळा." मान दुबळ्या बाजूला वळवली की त्या बाजूची वाट दबते आणि पाणी चांगल्या बाजूनं उतरतं. हनुवटी खाली घेतली की श्वासनळीचं तोंड आडोशाला जातं. मी गिळलं. ठसका नाही. वर्षभरात पहिल्यांदा पेलाभर पाणी मी एका दमात प्याले. म्हणजे सासूबाईंचं "वर बघ" माझ्यापुरतं नेमकं उलटं होतं. घरी येऊन सांगितलं तर त्यांना पटलं नाही. पण आता त्या मला ठसका लागला की थापटी मारतात आणि "खाली बघ, खाली बघ" म्हणतात.

शाळेत कमरेला बांधायचा छोटा स्पीकर घेतला. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही रागावलात तरी कळत नाही." रजेच्या आणि खर्चाच्या फायलीबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. एका टेबलावर विचारलं गेलं की हा आजार यादीत कुठं बसतो. मी म्हटलं, कानामागे. त्यांनी लिहून घेतलं.

जानेवारी २०२३ मध्ये आवाजाचं ऑपरेशन झालं. त्याबद्दल मात्र सविस्तर लिहायचंय, कारण तसं काही आयुष्यात पुन्हा होणार नाही. थायरोप्लास्टी म्हणतात. इशिकी नावाच्या जपानी सर्जननं १९७४ साली ही पद्धत मांडली. गळ्यावर बाहेरून छोटा छेद, स्वरयंत्राच्या कूर्चेला खिडकी पाडायची आणि त्यातून सिलिकॉनचा कोरलेला तुकडा आत सारून अडकलेली पट्टी मधे ढकलायची. फळी हलत नाही ना, मग चौकटच आत सरकवा. गंमत अशी की माणूस जागा लागतो. तुकडा केवढा हवा ते बोलल्याशिवाय कळत नाही.

तोंडावर हिरवं कापड, गळा बधिर, कुणीतरी माझ्या मानेत सुतारकाम करतंय एवढं जाणवत होतं. मग आवाज आला, "बाई, बोला काहीतरी. दहापर्यंत मोजा."

मी बेचा पाढा सुरू केला. बे एके बे, बे दुणे चार. पहिला तुकडा लावल्यावर जो आवाज आला तो जत्रेतल्या पिपाणीचा. बे त्रिक सहा म्हणताना मलाच हसू आलं. "फार झालं," डॉक्टर म्हणाले. काढला, कोरला. सिलिकॉन कापताना खरवडीसारखा बारीक आवाज येत होता. दुसरा लावला. बे चोक आठ. बराच बरा, पण कुणा दुसऱ्या बाईचा. तिथली नर्स म्हणाली, "छान आहे की." मी मान हलवू शकत नव्हते. "माझा नाही," म्हणाले. पुन्हा काढला. एका बाजूनं जरासं घासलं. पुन्हा लावला.

बे पंचे दहा.

खोली एकदम शांत झाली. शांत झाली म्हणजे मीच गप्प झाले. कापडाखाली रडायचं तर नाक भरतं, नाक भरलं की गिळावं लागतं, आणि गिळताना मान डावीकडे वळवता येत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "हाच का?" मी म्हणाले, "हाच. बे सक बारा."

आता वर्गात पाच तास आवाज पुरतो. जुना चढा सूर गेला. कविता चालीवर म्हणायची तर वरच्या पट्टीत चिरते, म्हणून तेवढं पोरांकडून म्हणवून घेते. पाणी अजूनही हनुवटी खाली घालून पिते. लग्नाच्या पंगतीत लोकांना वाटतं, बाई ताटाला नमस्कार करतायत. दरवर्षी एकदा जोडवी काढून एमआरआय. साबण आता घरूनच नेते.

खांदा उतरलेलाच आहे. फिजिओथेरपीनं हात डोक्यापर्यंत जातो, दुखणंही कमी झालं, पण ती खोबण भरली नाही. मुंबईहून आल्यावर पहिल्यांदा काकूंकडे गेले तेव्हा पेढे नेले होते. त्यांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि टेप काढली. त्यांच्या लांबट वहीत प्रत्येक बाईच्या नावापुढे मापं असतात. माझ्या नावापुढे त्यांनी जुनं माप खोडलं आणि खांद्याच्या रकान्यात उजवा-डावा असं वेगवेगळं लिहिलं. डावीकडे आतून अर्ध्या इंचाची गादी शिवतात. मी विचारलं, तिचे पैसे किती. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पण पुढच्या टायमाला मापाचा ब्लाऊज घिऊन भांडायला याचं नाही. अंगावर माप द्यायचं."

काल श्रावणातल्या हळदीकुंकवासाठी नवं कापड देऊन आले. शनिवारी मिळेल म्हणाल्यात.